एका पानाची मात्रा

रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असलेल्या माणसाच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. गोळीऐवजी एखादं झाडपाल्याचं औषध नाही का? निदान गोळीच्या जोडीला काढा घेतला तर काय बिघडलं? झाडपाला नैसर्गिक, म्हणून सौम्य. गोळी रासायनिक, म्हणून तिचे दुष्परिणाम, असा साधा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब किती फसवा आहे हे समजून घ्यायचं तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज डॉक्टरच्या आयुष्याकडे बघावं. त्याचं नाव विल्यम विदरिंग. आजही काही हृदयरुग्णांना दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिन या गोळीचा उगम त्याच्या कामात आहे, आणि त्याच्या कामाचा उगम एका खेडवळ म्हातारीच्या काढ्यात.

विदरिंगचा जन्म 1741 साली इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या वेलिंग्टन गावी झाला. वडील औषधं बनवणारे आणि देणारे वैद्य होते, त्यामुळे खलबत्ता आणि तराजू त्याने लहानपणापासून पाहिलेले. एडिंबरोला जाऊन 1766 मध्ये तो डॉक्टर झाला. गंमत म्हणजे पुढे ज्या विषयात त्याने नाव काढलं, त्या वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी असताना त्याला चक्क कंटाळा होता. झाडांची नावं घोकण्यात त्याला काही राम वाटत नव्हता आणि घरच्या पत्रांत त्याने तसं कळवलंही होतं.

ही नावड घालवली हेलेना कुक्स या तरुणीने. शिकून झाल्यावर विदरिंग स्टॅफर्डला व्यवसाय करू लागला, तिथे ती त्याची रुग्ण होती. तिला फुलांची चित्रं काढण्याचा छंद होता. तिच्यासाठी रानातून फुलं गोळा करून आणता आणता डॉक्टरसाहेब झाडं ओळखायला शिकले. 1772 मध्ये दोघांचं लग्न झालं आणि 1776 मध्ये विदरिंगचा ब्रिटनमधल्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ बाहेर पडला. लिनियसची वर्गीकरणपद्धत त्याने त्यात सोप्या इंग्रजीत आणली. मात्र हे पुस्तक बायकामुलीही वाचतील, या विचाराने फुलाच्या नर-मादी अवयवांची लिनियसची रोखठोक भाषा त्याने गाळून टाकली. माणूस तसा जुन्या वळणाचा, काटेकोर आणि थोडा शिष्ट होता. त्याचा हा काटेकोरपणा पुढे शेकडो रुग्णांच्या कामी आला.

दरम्यान 1775 मध्ये तो बर्मिंगहॅमला आला. तिथले डॉक्टर विल्यम स्मॉल वारले होते आणि त्यांच्या जागी येण्याचं इरॅस्मस डार्विनने त्याला सुचवलं होतं. हा डार्विन म्हणजे उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचा आजोबा. स्वतः नामांकित डॉक्टर, कवी आणि हरहुन्नरी. बर्मिंगहॅममध्ये लूनर सोसायटी नावाचं एक मित्रमंडळ होतं. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉट, त्याचा भागीदार बोल्टन, चिनी मातीची भांडी बनवणारा वेजवुड, ऑक्सिजनवर काम करणारा प्रीस्टली अशी एकेक मंडळी त्यात होती. रात्री घरी परतताना रस्त्यावर चांदणं असावं म्हणून ते पौर्णिमेच्या सुमारास जमत. विदरिंगही त्यांच्यात जाऊन बसू लागला.

त्याच वर्षी त्याच्यापुढे तो प्रसिद्ध काढा आला. श्रॉपशरमधल्या एका म्हातारीकडे अंगावर पाणी चढण्याच्या दुखण्यावरचा एक घराण्यातला उपाय होता. पाय सुजणं, पोटात पाणी भरणं, आडवं झालं की दम लागणं, या सगळ्याला तेव्हा इंग्रजीत ड्रॉप्सी म्हणत. आज आपण जाणतो की त्यातल्या बऱ्याच जणांचं हृदय कमजोर झालेलं असे, पण तेव्हा सूज हाच रोग समजला जाई. भल्याभल्या डॉक्टरांनी हात टेकलेले काही रुग्ण म्हणे या म्हातारीच्या काढ्याने बरे होत. तिने तो गुपित ठेवला होता. या औषधाबद्दल तुमचं मत काय, असं कोणीतरी विदरिंगला विचारलं.

काढ्यात वीस किंवा त्याहून जास्त वनस्पती होत्या. तो घेतल्यावर जोराच्या उलट्या आणि जुलाब होत, आणि लोकांना वाटे की त्यानेच रोग बाहेर पडतो. लघवी वाढते आणि सूज उतरते, हा खरा गुण त्या गोंधळात कोणाच्या लक्षात आला नव्हता. विदरिंगला मात्र आता झाडं पाठ होती. यादी पाहून त्याने ताडलं की बाकी सगळी भरती आहे, काम करणारी वनस्पती एकच, फॉक्सग्लोव्ह. जांभळ्या घंटेसारख्या फुलांचं हे झाड युरोपात सगळीकडे उगवतं. फूल बोटात घालायच्या अंगुस्तानासारखं दिसतं म्हणून 1542 मध्ये लेओनहार्ट फुक्स या जर्मन पंडिताने त्याला बोटावरून डिजिटॅलिस हे लॅटिन नाव दिलं होतं. झाड विषारी आहे हेही लोकांना ठाऊक होतं.

या म्हातारीबद्दल एक खुलासा करायला हवा. अनेक लेखांत तिचं नाव मदर हटन असं सापडतं, आणि ती व विदरिंग समोरासमोर उभे आहेत असं एक चित्रही फिरत असतं. ते चित्र 1928 साली एका अमेरिकी औषध कंपनीच्या जाहिरातीसाठी काढलेलं आहे आणि नावही तिथूनच रूढ झालं. विदरिंगच्या पुस्तकात ना तिचं नाव आहे, ना भेटीचा उल्लेख. ज्ञान तिचं होतं एवढं मात्र त्याने लपवलं नाही, लिहून ठेवलं.

म्हातारीचा काढा लागू पडत होता, मग डॉक्टरने त्यात नवीन काय केलं? याचं उत्तर त्याच्या पुढच्या दहा वर्षांत आहे, आणि ती दहा वर्षं बरीचशी तराजूपुढे गेली. बर्मिंगहॅममध्ये तो गरिबांना फुकट तपासत असे. वर्षाला दोन ते तीन हजार गरीब रुग्ण त्याच्याकडे येत. त्यांच्यातल्या सूज आलेल्यांवर त्याने फॉक्सग्लोव्हचा वापर सुरू केला. (आजच्या नियमांत हे बसलं नसतं. गरिबांवर आधी करून पाहायचं हा त्या काळाचा शिरस्ता होता आणि विदरिंगही त्याला अपवाद नव्हता.) सुरुवातीला त्याने मात्रा फार मोठ्या दिल्या आणि फार लवकर लवकर दिल्या. रुग्णांना भयंकर त्रास झाला. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर हे झाड वाईट म्हणून सोडून दिलं असतं, किंवा सूज उतरते ना, मग उलट्या झाल्या तरी चालतील असं म्हणून पुढे रेटलं असतं.

विदरिंगने यातलं काहीच केलं नाही. एकाच झाडाचा गुण प्रत्येक वेळी वेगळा का येतो, हे तो शोधत बसला. मूळ वापरलं तर वर्षाच्या कुठल्या ऋतूत खणलं यावर त्याचा जोर बदलतो, म्हणून मूळ बाद झालं. पानांचंही तसंच आहे, पण झाड फुलोऱ्यावर असतानाच पानं तोडली तर जोर बराचसा सारखा राहतो हे त्याला आढळलं. मग देठ आणि मधली शीर काढून पान वाळवायचं. आधी तो पानांचा काढा देत असे. पण काढा कोणी किती वेळ उकळला यावर त्याची ताकद ठरते, आणि जास्त उकळलं तर गुण कमी होत असावा, अशी शंका त्याला आली. म्हणून त्याने काढा सोडून पानांवर उकळतं पाणी ओतून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे ज्याला आयुर्वेदात फांट म्हणतात तसं काहीसं. शेवटी तो चूर्णावर आला, कारण चूर्णच नेमकं तोलता येतं. नीट वाळलेल्या पानांचं हिरवंगार चूर्ण ताज्या पानांच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहूनही थोडं कमी भरतं, इथपर्यंत त्याची नोंद आहे.

मात्रा ठरली ती मोठ्या माणसाला एक ते तीन ग्रेन चूर्ण, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे आजच्या मापाने सुमारे 65 मिलिग्रॅम, चिमटीचाही छोटा भाग. आणि त्याहून महत्त्वाचा होता थांबण्याचा नियम. लघवी वाढेपर्यंत, किंवा पोट, नाडी, आतडी यांपैकी कशावर तरी परिणाम दिसेपर्यंतच औषध चालू ठेवायचं. पहिली खूण दिसली की ताबडतोब बंद. उलटी होईपर्यंत द्यायचं ही जुनी समजूत त्याने मोडीत काढली. उलटी म्हणजे औषध लागू पडल्याची खूण नसून ते जास्त झाल्याची खूण आहे, हे त्याने डॉक्टरांना बजावलं.

जास्त झालं तर काय होतं याचं वर्णनही त्याने करून ठेवलं आहे. मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर, नजर धूसर होणं, वस्तू हिरव्या किंवा पिवळ्या दिसणं, नाडी मिनिटाला 35 पर्यंत खाली येणं, थंड घाम, झटके आणि मृत्यू. आजच्या पाठ्यपुस्तकात डिगॉक्सिनच्या विषबाधेची लक्षणं वाचली तर ही यादी जवळजवळ जशीच्या तशी भेटते.

त्याच्या पुस्तकातला एक किस्सा मला फार मोलाचा वाटतो. यॉर्कशरकडचा एक फिरता व्यापारी त्याने तपासला. माणूस सतत ओकत होता, त्याला नीट दिसत नव्हतं आणि नाडी मिनिटाला 40 वर आली होती. चौकशी केल्यावर कळलं की त्याला दम्याचा त्रास होता. त्याच्या बायकोने आपल्या गावाकडचा उपाय म्हणून फॉक्सग्लोव्हची मोठी मूठभर हिरवी पानं पाण्यात शिजवली आणि ते पाणी त्याला एका दमात पाजलं. बिचारा मरता मरता वाचला. विदरिंग त्या बाईला नावं ठेवत नाही. झाड तिला बरोबर माहीत होतं, किती द्यायचं तेवढं माहीत नव्हतं, असा त्याच्या टिप्पणीचा रोख आहे. म्हातारीचा काढा आणि विदरिंगचं चूर्ण यांत फरक होता तो एवढाच. पान तेच, विष तेच, गुणही तोच.

त्याचं फॉक्सग्लोव्हवरचं पुस्तक 1785 साली आलं. त्यात त्याने स्वतः उपचार केलेल्या 163 रुग्णांची हकिकत दिली आहे आणि ती निवडून दिलेली नाही. बरे झालेले, न झालेले, त्याने जास्त दिल्याने हाल झालेले, मेलेले, सगळे वर्षवार आहेत. यशस्वी रुग्ण तेवढे छापणं सोपं होतं आणि त्याने औषधाचा गवगवाही जास्त झाला असता. या औषधाने कोणाला गुण येत नाही हेही त्याने टिपलं. धट्टाकट्टा, लालबुंद चेहऱ्याचा, नाडी ताठ लागणारा रुग्ण असेल तर फार आशा नाही. फिकुटलेला, नाडी अशक्त आणि अधूनमधून चुकणारी असेल तर आशा आहे. चुकणारी नाडी म्हणजे बऱ्याचदा हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरणं. डिगॉक्सिन आजही ज्यांना दिलं जातं त्यांत याच रुग्णांचा मोठा वाटा आहे. हे झाड मुख्यतः लघवी वाढवतं असंच विदरिंगला शेवटपर्यंत वाटत राहिलं, तरी हृदयाच्या गतीवर त्याची जेवढी हुकमत आहे तेवढी दुसऱ्या कुठल्या औषधाची दिसली नाही, हेही त्याने नोंदवून ठेवलं.

या पुस्तकापायी एक मैत्री मात्र तुटली. 1776 मध्ये इरॅस्मस डार्विनने एका अवघड रुग्णासाठी विदरिंगला सल्ल्याला बोलावलं होतं आणि फॉक्सग्लोव्ह विदरिंगनेच सुचवलं होतं. पुढे डार्विनचा तरुण मुलगा, त्याचंही नाव चार्ल्स, वैद्यकीचं शिक्षण घेत असताना 1778 मध्ये वारला. 1780 मध्ये बापाने मुलाचा प्रबंध छापला आणि त्याला फॉक्सग्लोव्ह दिलेल्या रुग्णांचं एक परिशिष्ट जोडलं. त्यात विदरिंगचं नाव नव्हतं. दोघांचं पुन्हा जुळलं नाही. पोटच्या मुलाच्या दुःखात झालेली चूक म्हणावी तर पुढच्या पाच वर्षांत ती दुरुस्त करायला डार्विनला वेळ होता.

बाकी आयुष्यात विदरिंगने पैसा आणि मान दोन्ही मिळवलं. खनिजांचाही त्याला नाद होता. बेरियम कार्बोनेटच्या खनिजाला आज विदराइट म्हणतात ते त्याच्यावरूनच. 1791 मध्ये बर्मिंगहॅमला प्रीस्टली आणि त्याच्या मतांविरुद्ध दंगल उसळली, जमावाने घरं जाळली, आणि विदरिंग राहत होता त्या एजबॅस्टन हॉलवरही चाल केली. घर थोडक्यात बचावलं. छातीचं दुखणं तर त्याला कित्येक वर्षं होतं. हवापालटासाठी दोन हिवाळे तो लिस्बनला गेला आणि तिथेही स्वस्थ न बसता पोर्तुगालमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांचं रासायनिक पृथक्करण करून आला. 6 ऑक्टोबर 1799 रोजी तो वारला. एजबॅस्टनच्या चर्चमधल्या त्याच्या स्मृतिशिलेवर फॉक्सग्लोव्हचं झाड कोरलेलं आहे.

त्याच्या मागे त्याच्या औषधाचे हालच झाले. लोकांनी झाड घेतलं आणि मात्रा सोडली. क्षय, ताप, फेपरं, वेड, जे समोर येईल त्यावर डिजिटॅलिस दिलं जाऊ लागलं, आणि तेही ढोसच्या ढोस. असं होईल अशी धास्ती विदरिंगने पुस्तकातच व्यक्त केली होती. मात्रेचा प्रश्न पुरता सुटायला विसावं शतक उजाडावं लागलं. 1930 मध्ये सिडनी स्मिथ या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने फॉक्सग्लोव्हच्या लोकरी पानांच्या भावंडापासून, डिजिटॅलिस लॅनाटापासून, डिगॉक्सिन हा शुद्ध पदार्थ वेगळा काढला. नेहमीची गोळी 0.25 मिलिग्रॅमची असते. विदरिंगच्या एका ग्रेन पानाशेजारी ठेवली तर वजनाने शेकडो पटींनी हलकी. आणि हे रेणू कारखान्यात पहिल्यापासून बनवणं परवडत नाही, म्हणून डिगॉक्सिन आजही शेतात लावलेल्या त्या झाडाच्या पानांतूनच काढतात. नैसर्गिक की रासायनिक, या वर्गवारीत ही गोळी कुठे बसवायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

शुद्ध झालं म्हणून ते निरुपद्रवी झालं असं मात्र नाही. हृदयाच्या पेशींच्या भिंतीत सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. डिगॉक्सिन तो पंप आवळतं. त्यामुळे पेशीत सोडियम आणि पाठोपाठ कॅल्शियम साठतं आणि हृदय जोराने आकुंचन पावतं. गुण आणि विष यांच्यामधली जागा इथे फार अरुंद आहे. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदय दुबळं झालेल्या 6800 रुग्णांवर डिगॉक्सिन तपासलं गेलं. त्याने आयुष्य वाढलं नाही, पण हृदय बिघडून रुग्णालयात भरती होण्याची वेळ कमी आली. त्यानंतर डॉक्टर ते पूर्वीपेक्षा कमी लोकांना आणि कमी मात्रेत देऊ लागले. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर औषध अंगात साठतं, म्हणून गरज पडल्यास त्याची रक्तातली पातळीही मोजतात. पानाच्या काढ्याला ही सोय कधीच नव्हती.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. गोळीच्या जोडीला काढा चालेल का? डिगॉक्सिनपुरतं बोलायचं तर ज्येष्ठमधाचं उदाहरण घ्या. घशासाठी चघळायला घराघरात असतं. पण ते रोज, बऱ्याच प्रमाणात पोटात गेलं तर शरीरातलं पोटॅशियम घटतं, आणि पोटॅशियम घटलं की तेवढ्याच डिगॉक्सिनचा त्या पंपावरचा विळखा घट्ट होतो. अशा रुग्णाला बहुधा लघवीची गोळीही चालू असते, तीही पोटॅशियम कमी करू शकते. दोन्ही एकत्र आली की मात्रा न बदलताही मात्रा जास्त होते. उलट, उदासीनतेवर घेतलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट हे परदेशी झाडपाल्याचं औषध डिगॉक्सिनची रक्तातली पातळी खाली आणतं, आणि गोळी वेळेवर घेऊनही नाडी पुन्हा धावू लागते. दोन्ही बाबतीत रुग्णाने डॉक्टरांना काढ्याबद्दल किंवा झाडपाल्याच्या गोळीबद्दल सांगितलेलं नसतं, कारण ते त्याच्या लेखी औषधच नसतं. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर चूर्णाची बाटली आणि काढ्याची पुडीही पिशवीत टाकावी. आणि मळमळ सुरू झाली, जेवण जाईनासं झालं, नजरेत पिवळेपणा आला, नाडी फार मंद झाली तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. गोळी मनाने बंद करणं किंवा मनाने वाढवणं, दोन्ही धोक्याचंच.

फॉक्सग्लोव्ह आपल्याकडे रानात उगवत नाही, पण त्याच जातीचं विष आपल्या दारात आहे. हमरस्त्याच्या दुभाजकांवर लावलेली गुलाबी कण्हेर आणि अंगणातली पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, या दोन्हींत हृदयावर असाच परिणाम करणारी द्रव्यं आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाऊन विषबाधा झालेले रुग्ण श्रीलंकेत फार मोठ्या संख्येने येत. डिगॉक्सिन जास्त झालं तर द्यायचा प्रतिपिंडांचा उतारा तिथल्या डॉक्टरांनी या रुग्णांवर वापरून पाहिला आणि 2000 साली त्याचे निष्कर्ष छापले. बिघडलेली हृदयाची लय त्या उताऱ्याने सुधारत होती, कारण बिट्टीतलं विष आणि गोळीतलं औषध यांचे रेणू एकमेकांशी तेवढे मिळतेजुळते आहेत. हा उतारा महाग आहे आणि प्रत्येक रुग्णालयात मिळत नाही. म्हणून मुलाने बिट्टीची बी चावली तर घरी ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये. कोणतं झाड, किती बिया आणि किती वाजता, एवढं लक्षात ठेवून सरळ मोठं रुग्णालय गाठावं.